माळावरच्या झाडांना गाव हवं

1866 साली डेन्मार्कच्या जटलंडमध्ये माळरानावर झाडं लावण्यासाठी एक संस्था निघाली. त्याच वर्षी, त्याच माळाच्या मुलखात, स्कीव्हजवळच्या एका शेतकरी घरात येपे ओकेअर जन्मला. संस्थेचं नाव हेडेसेल्स्काबेट. मुलगा पुढे कवी झाला. डेन्मार्कमध्ये आज पुन्हा वृक्षलागवडीची मोठी लाट आली आहे. तिचा विचार करताना मला ही दोन नावं जवळजवळ ठेवावीशी वाटतात. झाड लावण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती त्यांनी घालून दिल्या.

संस्थेच्या मुळाशी पराभव होता. 1864 च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रियाने श्लेस्विग आणि होल्श्टाइन घेतले. राज्याचा जवळपास दोन-पंचमांश मुलूख गेला. जे बाहेर गेलं ते घरात कमवू, ही जिद्द तेव्हा देशभर होती आणि रस्ते बांधणाऱ्या एन्रिको डाल्गास या लष्करी अभियंत्याने ती माळावर उतरवली. मातीखाली दगडासारखा घट्ट थर, वर पश्चिमेचा खारा वारा आणि नजर जाईल तिथवर हेदरची खुरटी झुडपं. स्प्रूस तिथे तग धरेना. मग पहाडी पाइनच्या आडोशाला तो लावला आणि तो जगला. ही कहाणी इतकी गाजली की जपानी विचारवंत कानझो उचिमुरा यांनी 1911 मध्ये आपल्या देशबांधवांपुढे ती आदर्श म्हणून मांडली.

आदर्शाला एक बोचरी बाजूही आहे. कवायतीसारख्या सरळ रांगांतल्या सूचिपर्णी झाडांनी आणि नांगरांनी मूळ माळरान बव्हंशी गिळून टाकलं. त्या माळावरचं जगणं, तिथली फुलं, पक्षी, मेंढरं यांचा हिशेब कुणी मांडला नव्हता. व्हिबोर्गच्या नैर्ऋत्येला काँगेन्सहूस इथे 1953 मध्ये माळ कसणाऱ्या शेतकरी कुटुंबांचं स्मारक उभं राहिलं. मोठमोठ्या शिळांवर त्यांची नावं कोरली आहेत. गंमत अशी, की माळ संपवणाऱ्यांच्या या शिळा उभ्या आहेत त्या मुद्दाम राखून ठेवलेल्या माळावरच! सामूहिक कलेचा इतका प्रामाणिक, आणि नकळत इतका उपरोधिक नमुना मला दुसरा ठाऊक नाही.

ओकेअरची रीत वेगळी. लहानपणी गुरं राखलेला हा माणूस. शेतमजुरांचे हाल त्याने 1904 च्या कादंबरीत असे मांडले की जमीनदार खवळले. पुढे लिमफ्योर्डजवळ त्याने ‘येन्ले’ नावाचं शेतघर बांधलं आणि उघड्या वाऱ्यात भोवती झाडं लावली. पत्नी नन्ना लाकडावर कोरीव काम करणारी कारागीर होती. 1909 पासून तिथे उन्हाळी मेळे भरू लागले. भाषणं, गाणी, वादविवाद ऐकायला पंचक्रोशीतून हजारो माणसं यायची. माळ नाहीसा होत चालल्याचं दुःख लिहिणारा कवी स्वतःच्या अंगणात झाडं वाढवत होता, ही विसंगती खरीच. पण त्याच्या झाडांखाली माणसं जमत होती, आणि माझ्या लेखी हेक्टरांपेक्षा ते जास्त मोलाचं आहे.

असं का म्हणतो, ते डॅनिश खेड्याकडे पाहिल्यावर कळेल. 1781 च्या कायद्यानंतर शेतांची फेरवाटणी झाली, सामाईक गायरानं वाटली गेली आणि कित्येक शेतघरं गावातून उठून रानात गेली. शेती सुधारली, गाव विस्कटलं. पुढच्या शतकात गावकऱ्यांनीच ते पुन्हा बांधलं: धर्मगुरू आणि विचारवंत ग्रुंडट्विगच्या विचारातून निघालेली लोकशाळा, 1882 मध्ये येडिंग इथे सुरू झालेली पहिली सहकारी दूधडेअरी, आणि गावोगावी वर्गणीतून उभी राहिलेली सभागृहं. विसाव्या शतकात यातलं बरंचसं निसटलं. छोट्या डेअऱ्या मोठ्या कंपनीत विरल्या, दुकानं आणि शाळा बंद झाल्या. 2007 च्या फेररचनेत 271 नगरपालिकांच्या 98 झाल्या आणि कारभाराची कचेरी आणखी लांब गेली. बऱ्याच ठिकाणी सभागृह तेवढं उरलं. तिथे लग्नं लागतात, सामुदायिक जेवणं होतात.

अशा गावाने कडेचं एखादं शेत घेऊन तिथे ओक, बीच, लिंडन लावायचं ठरवलं, की हिशेब फक्त कार्बनचा राहत नाही. रोप कुठलं, वाट कुठून, हरणांनी खाऊ नये म्हणून कुंपण कोण घालणार, पहिली वर्षं तण कोण काढणार, यावर भांडावं लागतं. भांडायला एकत्र बसावं लागतं. शिवाय डेन्मार्कात नळाचं पाणी भूगर्भातून येतं आणि खेड्यांतल्या पाणीयोजना बहुधा ग्राहकांच्याच मालकीच्या असतात. विहिरींभोवती शेताऐवजी जंगल असलं की नायट्रेट आणि कीटकनाशकं खाली कमी झिरपतात, हे तिथल्या कुणालाही पटवावं लागत नाही.

त्या जंगलात कला आणायची म्हटलं, तर मात्र तसं नाही; तिच्याविषयी खेड्यांत जुना संशय आहे. 1964 मध्ये राज्य कलानिधी स्थापन झाला आणि कलावंतांना सरकारी मानधन मिळू लागलं, तेव्हा कोल्डिंगचा पेटर रिंडाल हा गोदाम-व्यवस्थापक निषेधाच्या सह्या गोळा करत उठला. त्याच्या नावावरून कलाविरोधी वृत्तीला भाषेत शब्दच रूढ झाला. राजधानीतल्या लेखकांनी त्याला अडाणी ठरवलं. मला तो पूर्ण चूक वाटत नाही. ज्यांच्या करातून कला होणार, त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. किबेकजवळच्या जंगलात ‘स्कोव्हस्नोगन’ या नावाने सुरू झालेल्या उपक्रमात समकालीन कलाकृती झाडांमध्ये मांडल्या आहेत. तिथे जायला कलेचं शिक्षण लागत नाही, पायात बूट असले की पुरे. रिंडालला दिलेलं ते बरं उत्तर आहे. याहून बरं उत्तर गावकऱ्यांच्या हातचं: वादळात पडलेल्या झाडाचं त्यांनी स्वतः कोरलेलं बाक. ते सुबक नसेल, नसू दे.

2019 मध्ये एका दूरचित्रवाहिनीने झाडामागे 20 क्रोनर मागितले आणि एका संध्याकाळी नऊ लाखांहून अधिक झाडांचे पैसे जमले. चांगलं झालं. पण घरबसल्या पैसे देणारा ते झाड पुन्हा पाहीलच असं नाही. आता आकडे त्याहून प्रचंड आहेत. 2024 मध्ये सरकार, शेतकरी संघटना आणि पर्यावरणवादी यांच्यात झालेल्या हरित त्रिपक्षीय करारानुसार 2045 पर्यंत अडीच लाख हेक्टर नवं जंगल उभं करायचं आहे. त्यासाठी स्वतंत्र मंत्रालय निघालं. देशाची साठ टक्के जमीन आज शेतीखाली आहे, तेव्हा हे जंगल शेतावरच येणार. ज्यांच्या पणजोबांनी माळाची शेती करण्यात आयुष्य घातलं आणि ज्यांची नावं काँगेन्सहूसच्या शिळांवर आहेत, त्यांच्याच पणतवंडांना आता शेताचं जंगल करायला सांगितलं जात आहे. हा सल माहितीपत्रकाने निघणारा नाही.

कुठे काय लावायचं याचे आराखडे करायला 23 स्थानिक समित्या नेमल्या गेल्या. त्यांत नगरपालिका, शेतकरी संघटना, निसर्गसंरक्षण संघटना आणि सरकारी निसर्ग खातं आहे. गावाला गाव म्हणून स्वतंत्र खुर्ची नाही. अडीच लाख हेक्टरांतला गावकुसालगतचा तुकडा तरी सभागृहात जमणाऱ्या माणसांच्या हाती सोडावा. त्यांना तिथे वाकडीतिकडी वाट, बेढब पुतळा किंवा सफरचंदाची चार झाडं हवी असतील, तर खात्याने आपला नकाशा बदलावा.