गावाची ओढ आणि गावावरचा हक्क

सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अहमदनगरच्या निजामशाही दरबारातून वऱ्हाडच्या अल्लाउद्दीन इमादशहाकडे एक खलिता गेला. पाथरीचा परगणा निजामशहाच्या स्वाधीन करावा आणि मोबदल्यात दुसरा मुलूख घ्यावा, एवढीच त्यातली मागणी होती. पण ती महसुलाच्या हिशेबातून निघालेली नव्हती. फिरिश्ता ह्या इतिहासकाराने नोंदल्याप्रमाणे, निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णपण सांभाळणारे ब्राह्मण होते. त्यांतला एकजण काही कारणाने विजयनगरच्या राज्यात जाऊन राहिला, त्याचा मुलगा बहमनी फौजेच्या हाती सापडून मुसलमान झाला, मलिक हसन ह्या नावाने बहमनी दरबारात थोर पदास चढला, आणि त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, 1490 मध्ये स्वतंत्र गादी स्थापून चार वर्षांनी सीनेच्या काठी भिंगारजवळ स्वतःच्या नावाचे शहर वसवले. ह्या वाटचालीत मुलूख बदलला, धर्म बदलला, नाव आणि पेशा बदलला. तरी मलिक हसनचा नातू बुऱ्हाण गादीवर असताना ह्या घराण्याला पाथरी हवी होती. इमादशहाने नकार दिला तेव्हा 1518 मध्ये निजामशाही फौजेने ती घेतली. पुढे ती हातची गेली व पुन्हा जिंकावी लागली. अखेरीस गाव घराण्याच्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम मिळाले.

मूळ गावाची ओढ किती चिवट असते ह्याचे प्रमाण म्हणून ही हकिकत सांगता येईल, आणि परदेशस्थ मराठी माणसाला ती ऐकून समाधानही वाटेल. परंतु तिची दुसरी बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. ज्यांनी पाथरी कधी पाहिली नव्हती त्यांना ती वाडवडिलांची म्हणून हवी होती, आणि जे पिढ्यान् पिढ्या तेथे नांगर धरीत होते त्या रयतेच्या वाट्याला ह्या स्मरणातून एकामागून एक स्वाऱ्या आल्या. ओढ उत्कट असली म्हणजे ती निरुपद्रवी असतेच असे नाही. ती मनात असते तोवर भावना असते. गावापुढे ती मागणी घेऊन उभी राहिली की तिचा हक्क होतो, आणि हक्काला पुरावा, मर्यादा व प्रतिपक्ष असतात. स्थलांतरिताच्या घरओढीचा विचार करताना भावनेविषयी आपण पुष्कळ लिहितो. हक्काविषयी क्वचितच बोलतो.

आजचा नगरकर परदेशस्थ फौज घेऊन येत नाही. तो डिसेंबरात दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, सावेडीच्या बंगल्यात एकट्या राहणाऱ्या आईवडिलांची औषधे, वीजबिले आणि बँकेची कामे मार्गी लावतो, कापडबाजारातून एक चक्कर मारतो, आणि निघताना ‘नगर आता पूर्वीचे राहिले नाही’ असा अभिप्राय देतो. ह्या अभिप्रायात दुःख खरे असते, पण त्यात एक गृहीतही दडलेले असते: आपण ज्या वर्षी गाव सोडले त्या वर्षाचे गाव हेच खरे गाव, आणि त्यानंतर जे काही घडले तो बिघाड. स्वतः तो पाचदा घर बदलतो, दोनदा नोकरी बदलतो, नव्या देशाचे नागरिकत्व पत्करतो आणि ह्या सर्वांस प्रगती म्हणतो. गावाला मात्र तीच मुभा देण्यास त्याचे मन राजी होत नाही. ज्या शहराची वेस पडली, पेठा पसरल्या, ज्याचे सरकारी नावही आता अहिल्यानगर झाले, ते शहर त्याच्या संमतीसाठी थांबलेले नव्हते. बदल बरा की वाईट ह्याचा वाद अवश्य घालावा. परंतु तो वाद घालण्याचा पहिला अधिकार, त्या रस्त्यावरची धूळ आणि दिवसाआड येणारे नळाचे पाणी ज्यांच्या नित्याच्या वाट्याला आहे त्यांचा होय.

येथे एक आक्षेप येईल. परक्या मुलखात माणूस सहज रुजत नाही. तेथे त्याचे नाव चुकीचे उच्चारले जाते, त्याच्या अन्नाच्या वासाविषयी कुजबुज होते, आणि राजकारणाचे वारे फिरले की काल शेजारी म्हणून वावरणारा आज घुसखोर ठरतो. अशा माणसाने मनात आपले गाव जतन केले तर त्यात गैर काय? हा आक्षेप न्याय्य आहे, आणि त्याची साक्ष नगरच्याच इतिहासात आहे. निजामशाहीत इराण आणि मध्य आशियातून आलेल्यांना आफाकी म्हणत आणि येथल्या मुसलमान सरदारांना दखनी. दोघांच्या मत्सराने दख्खनच्या दरबारांचा बराचसा काळ खाल्ला. 1589 मध्ये मीरान हुसेन ह्या तरुण सुलतानाचा एका परदेशी सरदाराच्या गटाने खून केला, तेव्हा जमालखानाच्या नेतृत्वाखाली दखनी आणि हबशी जमाव किल्ल्यावर चालून गेला, आणि त्या खुनाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा परदेशीयांचीही शहरात कत्तल झाली. स्वतः फिरिश्ता कॅस्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादेहून बालपणी बापाबरोबर ह्या शहरात आलेला. तो वाचला, आणि त्याच वर्षी विजापूरच्या आश्रयास निघून गेला. पाथरीची हकिकत आपल्याला ज्याच्या लेखणीतून कळते तो माणूसच असा दुहेरी निर्वासित होता. तेव्हा जुळवून घेणे ही केवळ येणाऱ्याची जबाबदारी नव्हे. यजमान समाजाने एकाच्या अपराधाचा दंड सर्वांकडून वसूल करण्याचे ठरवले की कितीही समरस झालेला माणूस एका रात्रीत परका होतो. हे सत्य परदेशस्थ मराठी माणसाने जाणले पाहिजेच, पण पुण्यामुंबईत आणि नगरात राहून बाहेरून आलेल्यांविषयी घाऊक निवाडे देणाऱ्यांनीही ते विसरू नये.

त्याच निजामशाहीत परक्या मुलखात रुजण्याच्या प्रश्नाचे दुसरे उत्तरही घडले. इथिओपियात जन्मलेला, बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादच्या बाजारातून दख्खनेत आलेला मलिक अंबर येथे चंगेजखान ह्या निजामशाही वजिराच्या पदरी लागला, आणि मुघलांनी 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतल्यानंतर त्याने ते मोडके राज्य पाव शतक तोलून धरले. त्याला आपल्या जन्मभूमीची आठवण येत होती की नाही हे सांगण्यास दप्तर नाही. त्याने काय केले ह्याची दप्तरे मात्र जमिनीत आहेत. 1610 च्या सुमारास त्याने खडकी वसवली आणि तिला भूमिगत नहरीने पाणी आणले. जमिनीची प्रत पाहून धारा ठरवण्याची त्याची पद्धत मराठ्यांच्या महसुली व्यवहारात दीर्घकाळ आदराने उल्लेखिली गेली. जिथे आपण स्वेच्छेने आलो नाही तेथल्या रयतेच्या तहानेचा आणि धाऱ्याचा विचार करणे, ह्याहून पूर्ण असे रुजणे कोणते? 1626 मध्ये तो वारला आणि खुलदाबादेस पुरला गेला.

अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणे केले, त्या मंडळींचे हेतू धर्मप्रसाराचे होते आणि त्यांविषयी मतभेदास भरपूर जागा आहे. परंतु परक्या भूमीत राहण्याची रीत म्हणून त्यांच्याकडे पाहावे. सिंथिया फॅरार 1839 मध्ये येथे आल्या, मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या आणि 1862 मध्ये येथेच निवर्तल्या. सावित्रीबाई फुले ह्यांनी अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडे घेतले असे चरित्रकार सांगतात. रॉबर्ट ह्यूम ह्यांचा तर जन्मच 1847 मध्ये मुंबईचा. शिक्षण अमेरिकेत, आयुष्यभराचे काम नगरात आणि अखेरची वर्षे पुन्हा अमेरिकेत. अशा माणसाने रजेवर जाताना आपण घरी चाललो आहोत असे म्हणावे की घर सोडून चाललो आहोत असे? आज न्यू जर्सीत किंवा लंडनात वाढणाऱ्या मराठी मुलांपुढे हाच प्रश्न उलट दिशेने उभा आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून. त्यांच्या मराठी शाळांनी भाषा टिकवण्याचे जे परिश्रम घेतले ते वंदनीय आहेत. मात्र आईबापांची हुरहूर मुलांना वारसा म्हणून मिळत नाही, आणि मिळू नये. मुलाला भाषा द्यावी, तिच्यातले वाङ्मय द्यावे. आपण सोडलेल्या गावाविषयीची अपराधी भावना देऊ नये, कारण ते गाव त्याने सोडलेलेच नाही.

ह्याच शहराच्या किल्ल्याने सक्तीने परागंदा झालेलेही पाहिले. दक्षिण आफ्रिकेच्या युद्धातले बोअर कैदी आणि पहिल्या महायुद्धातले जर्मन स्थानबद्ध नगरला ठेवले गेले. 1942 च्या ऑगस्टात काँग्रेस कार्यकारिणी किल्ल्यात डांबली गेली. 1943 च्या एप्रिलात, तेथे बंदिवासात असलेल्या मौलाना आझादांची पत्नी कलकत्त्यास वारली. तिच्या आजारात सरकारकडे सवलतीची याचना करण्यास त्यांनी नकार दिला होता. मित्राला उद्देशून जी पत्रे तेथून टपालात घालता येत नव्हती ती त्यांनी लिहिली. त्यांत चहा आहे, चिमण्या आहेत, आणि हे मरणही आहे. बंदिवानाची घरओढ निष्कलंक असते, कारण त्याच्यापुढे परतीचा दरवाजा बंद असतो. आपला आजचा सुशिक्षित परदेशस्थ बंदिवान नाही. परतीचे तिकीट काढण्याची ऐपत असताना तो ते काढत नाही, ह्यात लाज वाटण्यासारखे काही नाही; तो त्याचा निर्णय आहे, आणि पुष्कळदा शहाणपणाचा आहे. पण निर्णय आपला आणि त्याचे दुःख मात्र दैवाचे, अशी विभागणी करणे सचोटीचे नव्हे.

मराठी समाजाला स्थलांतराचे शिक्षण परदेशगमनाने प्रथम मिळाले असे आपण मानतो, ही पुरुषांची समजूत होय. ह्या समाजातली अर्धी माणसे शतकानुशतके, अज्ञान वयात, विचारपूस न होता, एका घरातून दुसऱ्या घरी नेली गेली. तेथला स्वयंपाक, तेथले देव, तेथली बोली, कित्येकदा बदललेले नाव, हे सर्व त्यांनी अंगवळणी पाडले, आणि माहेरची आठवण जात्यावरच्या ओवीत घातली, पण दळण थांबवले नाही. जिल्ह्याला आज जिचे नाव आहे ती अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीची, जन्म 1725 चा. लहानपणीच होळकरांच्या घरी गेली, 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती गमावला, आणि 1767 पासून 1795 पर्यंत माळव्याचा कारभार महेश्वराहून केला. तिचे घाट, देवळे आणि धर्मशाळा काशी, गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या क्षेत्री पसरल्या. सासरच्या मुलखाचे इमान राखल्याने माहेराशी प्रतारणा होते, असे तिच्याविषयी कोणी म्हणणार नाही. येथे सावध राहिले पाहिजे: ह्या सहनशीलतेचे गोडवे गाऊन स्त्रियांवरची सक्ती झाकता येणार नाही, आणि माहेरी हक्क नसणे हा गुण नव्हे तर अन्याय होता, महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा कायद्याने दिला तो 1994 मध्ये. सांगायचे ते इतकेच की, ज्यांना निवडीचा अधिकार नव्हता त्यांनी आठवण आणि कर्तव्य दोन्ही सांभाळली, तेव्हा निवड करून गेलेल्याला ते अशक्य म्हणता येत नाही.

आणि ज्यांच्या घरओढीवर कोणी लेख लिहीत नाही असे स्थलांतरित ह्याच जिल्ह्यात आहेत. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांनी 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यापाठोपाठ पाटपाण्याचा उत्तर भाग साखरेचा झाला. पूर्वेकडचे पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे कोरडवाहूच राहिले. दसरा झाला की तेथली जोडपी मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊसतोडीसाठी कोयत्यावर निघतात, दुसऱ्याच्या शिवारात कोपी घालून हिवाळा आणि उन्हाळ्याचा मोठा भाग काढतात, आणि म्हाताऱ्यांपाशी ठेवलेल्या मुलांना, हंगाम संपून पट्टा पडल्यावर, भेटतात. त्यांचा परदेश एका दिवसाच्या वाटेवर आहे. पाच हजार कोसांवरच्या गावासाठी ज्याचे डोळे भरतात त्याने आपल्या वडिलांच्या उसाच्या फडात राबणाऱ्या ह्या माणसाच्या गावाची चौकशी कधी केली आहे काय, हा प्रश्न त्याच्या ओढीची परीक्षा आहे.

परतण्याचेही एक उदाहरण जिल्ह्यापाशी आहे. हिवरे बाजार हे नगर तालुक्यातले गाव दुष्काळाने आणि भांडणांनी ओस पडत चालले होते. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, झाडे लावली गेली, चराई आणि कुऱ्हाड बंद झाली, सिंचनासाठी विंधनविहिरी आणि उसासारखी तहानलेली पिके गावाने वर्ज्य केली. त्यानंतर पोटासाठी मुंबई-पुण्यास गेलेली कुटुंबे परत येऊ लागली. ती आठवणीने ओढली गेली नाहीत. आठवण तर त्यांना दुष्काळातही होती. विहिरीला पाणी आले म्हणून ती आली, आणि ते पाणी, जे मागे राहिले त्यांच्या श्रमाने आले होते. म्हणजे गावाला जिवंत ठेवण्याचे काम स्मरण करीत नाही, राहणारे करतात. स्मरण फार तर त्यांच्या हाताला हात लावू शकते.

म्हणून परदेशस्थाने आपल्या ओढीविषयी संकोच बाळगू नये, पण तिच्या पोटी उभ्या राहणाऱ्या मागण्यांची छाननी कठोरपणे करावी. गावाने माझ्यासाठी बदलू नये, ही मागणी फेटाळावी. मुलांनी माझे दुःख वाहावे, हीही फेटाळावी. मी मदत पाठवतो म्हणून देवळाचा रंग आणि शाळेचे नाव मी ठरवीन, ही तर पाथरीच्या स्वारीचीच सौम्य आवृत्ती होय. ज्या शहरात तो कर भरतो आणि मूल वाढवतो तेथल्या पाण्याची, शाळेची आणि शेजाऱ्याची चिंता त्याने परकेपणाची सबब न सांगता करावी. आणि गावासाठी काही करायचेच असेल तर तेथे राहणाऱ्यांनी जे काम आरंभले आहे त्यात, त्यांच्या कलाने, सामील व्हावे. इतके ज्याने केले तो परतो वा न परतो. त्याच्याविषयी तक्रार करण्यास गावापाशी कारण उरत नाही, आणि गावाविषयी तक्रार करण्यास त्याच्यापाशीही.