पट्टीची साक्ष

एखादी गोष्ट जाणणें आणि ती दुसऱ्यास पटवून देणें या दोन क्रिया वस्तुतः निराळ्या आहेत. परंतु व्यवहारांत आपण त्यांची सर्रास गल्लत करतों. औषधांच्या दुकानांत आणि आंतरजालावर हल्लीं मिळणाऱ्या एका लहानशा वस्तूनें या गल्लतीचा विचार करण्यास चांगलें निमित्त दिलें आहे. ती वस्तु म्हणजे रजोनिवृत्तीची घरच्या घरीं परीक्षा करणारी पट्टी. लघवींत ती बुडवावी, कांहीं मिनिटें थांबावें, आणि दुसरी रेघ पहिलीइतकी गडद उमटली कीं आपला ऋतुकाल सरत आला असें समजावें, असा तिचा विधि आहे. कोणास सांगावें लागत नाहीं, कीं डॉक्टरपुढें संकोचानें मान खालीं घालून बसावें लागत नाहीं. चाळिशी उलटलेली, झोप उडालेली, भर थंडींत पदरानें वारा घेणारी एखादी बाई ती विकत घेते यांत नवल तें काय?

प्रथम ही पट्टी काय सांगते तें पाहूं. मेंदूच्या तळाशीं पिट्युइटरी नांवाची वाटाण्याएवढी ग्रंथि आहे. तिच्यांतून एफ्. एस्. एच्. या नांवाचा स्राव निघून तो अंडाशयाला कामाला लावतो. अंडाशय थकत चाललें कीं ही ग्रंथि त्याला अधिकाधिक हांका मारते, आणि रक्तांत व लघवींत त्या स्रावाचें प्रमाण वाढतें. तें मिलिलिटरला २५ मिलियुनिटांच्या वर गेलें कीं बहुतेक पट्ट्या रेघ दाखवितात. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु पाळी जाण्यापूर्वींचा जो संधिकाल असतो, त्यांत हा स्राव स्थिर नसतो. हा काल बहुधा चार वर्षांच्या आसपास चालतो. कोणाचा कांहीं महिन्यांत आटोपतो, कोणाचा पुष्कळ लांबतो. त्या अवधींत स्राव या आठवड्यांत चढतो आणि पुढच्या आठवड्यांत उतरतो. नियमित पाळी असलेल्या स्त्रीच्याहि महिन्याच्या मध्यास तो थोडा वाढतो. संततिनियमनाच्या गोळ्या चालूं असल्या तर दबून राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें या पट्ट्यांविषयीं जें म्हटलें आहे त्यांत सगळें आलें: दहांपैकीं सुमारें नऊ वेळां पट्टी हा स्राव बरोबर ओळखते, पण रजोनिवृत्ति ओळखत नाहीं. साक्षीदार खोटें बोलत नाहीं, इतकेंच. त्याला जें विचारलें त्याचें उत्तर त्याच्यापाशीं नाहीं.

रजोनिवृत्ति ही मुळांत मागें वळून पाहिल्यावरच कळणारी गोष्ट आहे. लागोपाठ बारा महिने पाळी आली नाहीं म्हणजे ती गेली, अशी वैद्यकाची व्याख्या. शेवटची पाळी ही शेवटची होती हें वर्ष उलटल्याखेरीज कोणत्याहि यंत्राला सांगतां येत नाहीं. अकराव्या महिन्यांत ती पुन्हां आली तर मोजणी पहिल्यापासून. सुश्रुतानें या कालाची मर्यादा बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत सांगितली आहे. आज भारतीय स्त्रियांत तो सरासरीनें ४६-४७ व्या वर्षीं संपतो, पाश्चात्त्य स्त्रियांत ५१ च्या सुमारास. ‘मेनोपॉज’ हा शब्द मात्र तितका जुना नव्हे; गार्दान नांवाच्या फ्रेंच वैद्यानें तो १८२१ सालीं रूढ केला. इंग्लंडांतील ‘नाइस’ या संस्थेनें २०१५ सालीं वैद्यांस असें बजावलें कीं, पंचेचाळिशी उलटलेल्या स्त्रीला अंगांतून वाफा येत असतील आणि पाळी अनियमित झाली असेल, तर निदानासाठीं या स्रावाची तपासणी करूं नये. तिची हकीकत हेंच निदान.

मग ही पट्टी कोणासाठीं? माझ्या मतें ती विकत घेणारी स्त्री बहुधा अज्ञानी नसते. आपल्या शरीरांत कांहीं पालटत आहे हें तिला कोणत्याहि पट्टीच्या आधीं कळलेलें असतें. रात्रीं दोन वाजतां घामानें चिंब होऊन ती उठते. कालपर्यंत मनावर न घेतलेल्या बोलण्यानें आज तिचे डोळे भरून येतात. हातांतली वस्तु कोठें ठेवली हें तिला आठवत नाहीं. हें सारें ती घरांत सांगते तेव्हां उत्तर ठरलेलें असतें: “कांहींतरी मनाचें घेऊं नकोस.” नवरा म्हणतो, तुझा स्वभावच हल्लीं चिडका झाला. सासूबाई म्हणतात, आम्हांला नाहीं हो असलें कधीं झालें. दोघांचीहि त्यांत दुष्टबुद्धि नसते. परंतु ज्या घरांत मुलाचा ताप अंगाला हात लावून खरा मानला जातो, तेथें आईला तिच्या अंगच्या उष्म्यासाठीं पुरावा आणावा लागतो. पट्टी हा तो पुरावा. ती ज्ञान विकत घेत नसून साक्षीदार विकत घेत असते.

जुन्या सोवळ्याओवळ्याच्या घरांत असा साक्षीदार लागत नसे. बाई चार दिवस बाहेर बसे, आणि तिच्या तारखा शेजारणींनाहि पाठ असत. पुढें तिचें बाहेर बसणें थांबलें कीं देवाचा स्वयंपाक आणि पूजा यांची तिची आडकाठी जाई व घरांतला तिचा दर्जा वाढे. ती चाल गेली हें फार चांगलें झालें; तिचें गुणगान करण्याची मला मुळींच इच्छा नाहीं. सर्वांना सर्व ठाऊक असून, तुला काय होतें, असें तिला तेव्हांहि कोणी विचारीत नसे.

आतां पट्टीच्या बाजूनेंहि थोडें बोललें पाहिजे. जिला आपलें म्हणणें कोणापुढें मांडण्याची सोयच नाहीं, तिला स्नानगृहाचें दार लावून मिळणारें उत्तर अपुरें असलें तरी तिचें स्वतःचें असतें. एकदां रेघ पाहिल्यावर डॉक्टरकडे जाण्याचा धीर आला, असेंहि होऊं शकेल. तेवढ्यापुरती ती उपकारक आहे. पण भाड्याचा साक्षीदार उलटतो, ही खरी भीति. संधिकालांत असलेल्या स्त्रीची रेघ त्या दिवशीं उमटली नाहीं, तर घराला आयतें हत्यार मिळतें: बघ, तुला कांहीं झालेलें नाहीं! आणि रेघ उमटली म्हणून तिनें संततिनियमन सोडलें तर नको असतां दिवस जाण्याचा धोका आहेच; पन्नाशीनंतरहि शेवटच्या पाळीपासून एक वर्ष, आणि त्यापूर्वीं दोन वर्षें, सावध राहावें असें वैद्य सांगतात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हां रक्त दिसलें तर तें गर्भाशयाच्या कर्करोगाचेंहि चिन्ह असूं शकतें; तेथें पट्टीची रेघ पाहून स्वस्थ बसणें घातक आहे. चाळिशीच्या आंतच जिची पाळी थांबली तिची गोष्ट आणखी निराळी. शंभरांत सुमारें एकीला असें होतें, आणि तिला कांहीं आठवड्यांच्या अंतरानें दोनदां रक्ततपासणी व वैद्याचा सल्ला हवाच.

गंमत अशी कीं, कांहीं नव्या प्रकारांत दहा दिवसांत पांच पट्ट्या वापरावयाच्या असतात, आणि निकाल सांगण्यापूर्वीं मोबाइल त्या स्त्रीला तिचें वय व पाळीच्या तारखा विचारतो. पट्टीलाहि अखेर बाईच्याच शब्दावर विसंबावें लागतें! भिंतीवरील दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारीं एक टिंब काढण्याची संवय असेल, तर निम्मी परीक्षा तेथेंच झालेली असते.

परंतु हें टिंब काढणेंहि सर्वांच्या नशिबीं नाहीं. ज्यांचें गर्भाशय काढलें गेलें, त्यांना मोजावयास पाळीच उरत नाहीं. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या शेंकडों बायकांचीं गर्भाशयें ऐन तारुण्यांत काढलीं गेलीं, हें २०१९ सालीं उघडकीस आलें आणि शासनाला चौकशीसाठीं समिति नेमावी लागली. पाळीमुळें कामाचा खाडा झाला तर मजुरी बुडते व वर दंड बसतो. पोटांत दुखतें म्हणून गेलें तर पिशवी काढून टाका, नाहीं तर कर्करोग होईल, असें सांगितलें जातें. अंडाशयेंहि काढलीं असतील तर रजोनिवृत्ति एका दिवसांत येते. तीं ठेवलीं असतील तर ती आपल्या वेळीं किंवा कांहींशी लवकर येते, पण केव्हां आली हें दाखविणारी खूणच नाहींशी झालेली असते. अशा बाईच्या हातीं पट्टी दिली तर ती कदाचित् रेघ दाखवील. पण अंगाचा दाह होतो, कंबर धरते, रात्र सरत नाहीं, हें ती न विचारतांहि सांगत असते. आणि मुकादमाला तें ऐकण्यास सवड नसते, कारण गाडी भरावयाची असते आणि पहिली मोळी तिच्याच डोक्यावर द्यावयाची असते.