सत्रापुरतं गाव

परदेशी विद्यार्थ्याचं हैदराबादमधलं सत्र साधारण जुलैत सुरू होतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात संपतं. तो येतो तेव्हा खरिपाची पेरणी उरकलेली असते. निघतो तेव्हा रब्बीची ज्वारी जेमतेम पोटऱ्यात आलेली असते. ग्रामविकास शिकायला आलेल्या माणसाला त्याच शेतातली रब्बीची सुगी दिसत नाही. विद्यापीठाचं पंचांग आणि शेताचं पंचांग यांतल्या या अंतराबद्दल अभ्यासक्रमात कुठे चर्चा होत असेल असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच ते मला महत्त्वाचं वाटतं.

शिकण्यासाठी समुद्र ओलांडणं हे या शहराला नवं नाही. सरोजिनी नायडू 1895 मध्ये निजामाच्या शिष्यवृत्तीवर इथूनच इंग्लंडला गेल्या. 1974 मध्ये हैदराबाद विद्यापीठ स्थापन झालं, ते आधी नायडूंच्या ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ या घरातच नांदलं. त्याच विद्यापीठाने 1998 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘स्टडी इन इंडिया’ कार्यक्रम सुरू केला. विद्यापीठाच्या गच्चीबावलीच्या आवारात इतिहास, समाजशास्त्र, तेलुगू-हिंदी शिकायचं, आणि जोडीला एखाद्या स्वयंसेवी संस्थेत इंटर्नशिप करायची. वर्गाला इंटर्नशिपची जोड देण्याची ही रीत जगभर रुळली आहे. वर्गातलं ज्ञान मातीला लागावं, हा त्यामागचा हेतू मला मनापासून पटतो. प्रश्न पडतो तो हिशेबाचा. श्रेयांक विद्यार्थ्याला मिळतात, शुल्क विद्यापीठाला मिळतं. मग ज्या गावाने शिकवलं, त्याच्या पदरात काय पडतं?

हैदराबादहून मुंबईच्या महामार्गावर सुमारे 100 किलोमीटर गेलं की झहीराबादचा दुष्काळी टापू लागतो. इथे 1983 पासून काम करणाऱ्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमध्ये, म्हणजे गावोगावच्या महिला-गटांत, मुख्यतः दलित, अल्पभूधारक बायका आहेत. ज्वारी, राळा, तूर, जवस अशी कितीतरी पिकं त्या एकाच शेतात मिसळून घेतात आणि बियाणं राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात जपून ठेवतात. पाऊस दगा देणार हे गृहीत धरूनच शेत मांडायचं, म्हणजे एक पीक गेलं तरी दुसरं हाताशी लागतं. मोठ्या कृषिशास्त्रालाही उशिरा उमगलेली ही गोष्ट आहे. माचनूर गावात त्यांचं ‘संघम रेडिओ’ केंद्र आहे. सरकारी परवानगी नव्हती तेव्हा या बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून कॅसेटी संघमच्या बैठकांत ऐकवत राहिल्या. 2006 मध्ये सामुदायिक रेडिओचं सरकारी धोरण बदललं आणि 15 ऑक्टोबर 2008 रोजी त्यांचा आवाज हवेत गेला. केंद्र चालवणाऱ्या ‘जनरल’ नरसम्मा आणि अलगोले नरसम्मा दोघी याच भागातल्या. अशा गावात परदेशातून आलेली विशीतली मुलगी ‘विकास’ घेऊन येऊ शकत नाही. तो तिथे आधीपासून आहे, तिला तो समजून घ्यायचा आहे.

1968 मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना तोंडावर सांगितलं होतं की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. त्यांचं ते भाषण आजही बोचतं, आणि बोचायलाच हवं. पण मला त्यांच्यापुढे एक पाऊल जावंसं वाटतं. ‘शिकायला या’ एवढ्याने भागत नाही. शिकणंही फुकट नसतं. पाहुण्याला गाडीवर मागे बसवून गावोगाव नेणारा, प्रत्येक वाक्य तेलुगूतून इंग्रजीत आणि परत तेलुगूत करणारा संस्थेतला तरुण आपलं रोजचं काम बाजूला ठेवतो. प्रश्नांची उत्तरं देणारी बाई खुरपणीची वेळ देते. संघर्षाच्या कहाण्या नव्या पाहुण्यासमोर पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या, याचा शीण वेगळाच.

आपल्याकडे महाराष्ट्रात, जामखेडमध्ये, याला एक उत्तर सापडलेलं आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला कामाला लागले. त्यांनी घडवलेल्या ग्राम-आरोग्यसेविकांपैकी अनेकींना सुरुवातीला अक्षरओळखही नव्हती. पुढे देशोदेशींहून येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना त्याच शिकवू लागल्या. तिथे खेड्यातली बाई माहिती पुरवणारी राहिली नाही, ती शिक्षिका झाली. हा फरक नुसत्या मानाचा नाही. शिक्षिकेला विद्यार्थ्याचं चुकलं असं म्हणता येतं; माहिती पुरवणारीला तो अधिकार कोणी देत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. इंटर्नशिपचे निम्मे गुण त्या संस्थेने आणि संघमच्या बायकांनी द्यावेत. विद्यार्थ्याने भरलेल्या शुल्कातला ठरलेला वाटा शिकवण्याचं मानधन म्हणून त्यांना मिळावा, देणगी म्हणून नव्हे. आणि विद्यार्थ्याचा अहवाल तेलुगूत करून संघमच्या रात्रीच्या बैठकीत मोठ्याने वाचला जावा, तोही परतीच्या विमानाआधी निदान दोन आठवडे. त्या रात्री कोणी उठून म्हणेल, ‘हे असं नव्हतं,’ तर दुरुस्त करायला वेळ हाताशी असेल, आणि उत्तर द्यायला विद्यार्थी समोर बसलेला असेल.