शिट्टी आणि न्याय



'पंचांमुखी परमेश्वर' अशी आपल्याकडे म्हण आहे. पण फुटबॉलच्या पंचाच्या मुखात शिट्टी असते आणि ती चुकू शकते.

गेल्या उन्हाळ्यात, उसतोडीला गेलेली कुटुंबे परतल्यावर, आपल्या मुलांचा सामना झाला. पंच मीच होतो. एका मुलाच्या छातीला चेंडू लागला. मी लांब होतो, मला हात वाटला. पेनल्टी दिली, गोल झाला. मध्यंतरात चूक उमगली. मग उत्तरार्धात दुसऱ्या संघाच्या एका साध्या धक्क्यावर मी पेनल्टी दिली. १-१ बरोबरी झाली. सगळे शांत झाले, मलाही बरे वाटले. फक्त एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, "फादर, मी काय केलं होतं?"

त्याच्या संघाला आधी फुकटचा गोल मिळाला होता, हे खरे. पण तो त्याने चोरला नव्हता, मी दिला होता. संत थॉमस अक्वायनस सांगतात की, ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय. कर्ज माझे होते आणि मी ते त्या मुलाच्या खिशातून फेडले. दोन चुकांची वजाबाकी होत नाही, बेरीजच होते.

मग पंचाने करावे काय? फुटबॉलच्या १७ नियमांपैकी पाचवा नियम सांगतो की, खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी चूक लक्षात आली तर निर्णय बदलता येतो. एकदा खेळ सुरू झाला की नाही. त्यानंतर चूक सोसायची आणि पुढचा प्रसंग कोऱ्या मनाने पाहायचा. हे सोपे नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ भिडतात तेव्हा पंचाच्या कानावर काय काय पडते, हे तिथे गेलेल्यांना ठाऊक आहे.

म्हणून चूक टाळण्याची मेहनत आधी करावी. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला. पंच अली बिन नासर यांना हात दिसला नाही, रेषापंचानेही झेंडा वर केला नाही आणि गोल ग्राह्य धरला गेला. नुसती नजर चांगली असून भागत नाही, योग्य जागी पोहोचावे लागते. त्यासाठी धावण्याचा सराव हवा. खेळाडूंच्या गर्दीपलीकडचे दिसेल असा कोन साधावा, सामन्यानंतर आपले निर्णय पुन्हा तपासावेत.

घरातही आपण पंच असतो. थोरल्याला विनाकारण मारले म्हणून धाकट्यालाही दोन धपाटे घातल्याने हिशेब मिटत नाही. थोरल्याला जवळ घेऊन "माझे चुकले" म्हणावे लागते.

मी दोन्ही मुलांना तसे सांगितले. निकाल बदलला नाही. पुढच्या सामन्यात मात्र मी गोलाजवळ वेळेत पोहोचेन, धापा टाकत का होईना.

– तुमचे फादर