लाज नेमकी कशाची?

माणसाने लाज कशाची बाळगावी, या प्रश्नाचा ऊहापोह नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून पुष्कळ झाला आहे. आम्हांस मात्र तो प्रथम भेटला ओसाकातील एका जुन्या घराच्या संडासात.

नोकरीनिमित्त आम्ही दोन वर्षे त्या घरात भाड्याने राहिलो. घर दाखविताना वृद्ध मालकीणबाई संडासाच्या दाराशी थबकल्या, कमरेत वाकल्या आणि क्षमा मागू लागल्या. घर जुने, येथे उकिडवेच बसावे लागते, परदेशी माणसाची गैरसोय होईल, असे त्यांचे म्हणणे. इंदूरच्या वाड्यात वाढलेल्या आम्हांला हसू आवरेना. या विद्येत आमचा अभ्यास जन्मापासूनचा! त्याच घमेंडीत आम्ही आत शिरलो आणि सवयीप्रमाणे दाराकडे तोंड करून बसलो. तिकडच्या भांड्याला एका टोकाशी अर्धगोल आडोसा असतो. ती पाठीमागची सोय असावी, असा आमचा तर्क. पुढे एका रेल्वे स्थानकावर भिंतीवरचे चित्र पाहिले, तेव्हा उलगडा झाला की तोंड त्या आडोशाकडे करावयाचे असते. तीन आठवडे आम्ही उलटे बसत होतो! संडासापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या चपला पायांत तशाच ठेवून एकदा आम्ही पाहुण्यांसमोर तातामीवर अवतरलो, ती फजिती निराळीच.

इथवर सारे हसण्याजोगे. परंतु घरी धाडलेल्या पत्रांत यातले अक्षरही नव्हते. त्यांत वर्णन असे ते कचेरीतल्या, कोमट पाण्याची धार सोडणाऱ्या आसनाचे. टोटो कंपनीचे ‘वॉशलेट’ १९८० सालीच बाजारात आले होते. इकडे नातलग हौसेने कमोड बसवून घेत असताना आम्ही परदेशी जाऊनही उकिडवेच बसतो, हे सांगणे जिवावर येई. आणि हे त्या देशात, जिथे तानिझाकींसारख्या थोर लेखकाने १९३३ साली छायेच्या सौंदर्यावरील निबंधात जुन्या धाटणीच्या संडासाची मनसोक्त स्तुती केली होती!

एकदा मालकीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, गटारे येण्यापूर्वी मैला उपसण्यास मोटार येई. तीवरच्या माणसाचे नाव त्यांना अनेक वर्षांनंतरही ठाऊक होते. एदो काळात तर तिकडचे शेतकरी शहरातला मैला मोल देऊन नेत. काही समाजांना हीन लेखण्याचे पाप जपानातही घडले आहे, हे आम्ही विसरत नाही. तरी त्या एका नावाने आम्ही अस्वस्थ झालो.

आमच्या वाड्याच्या मागल्या बोळात एक बुटके दार होते. आमच्या लहानपणी त्या दाराने एक बाई टोपली घेऊन येई. तिची चाहूल, तिच्या पदरात वरून टाकलेली भाकरी, ती गेल्यावर शिंपडलेले पाणी, सारे आठवते. नाव आठवत नाही, कारण घरातल्या कोणी ते कधी विचारलेच नव्हते. उकिडवे बसण्याची लाज आम्ही पत्रांतून लपविली; हिची लाज मात्र कधी वाटलीही नव्हती.

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली इंदूर दरबारास आपला अहवाल सादर केला. त्याच सुमारास त्यांनी दिवाळीत काढविलेल्या मिरवणुकीत सफाई कामगार स्वच्छ पोशाखात, मानाने चालले होते. स्वच्छतेच्या राष्ट्रीय क्रमवारीत आमचे शहर २०१७ साली पहिले आले आणि पुढेही अग्रभागी राहिले, याचा अभिमान आहेच. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. तरी गटारात गुदमरून माणसे दगावल्याच्या बातम्या देशात थांबलेल्या नाहीत.

आता गुडघ्यांनी आम्हांलाही कमोडवर बसविले आहे. उलटे बसल्याची गोष्ट आम्ही अजून सांगतो आणि मंडळी पोट धरून हसतात. हसावेच, देहधर्मापुढे राव-रंक सारखेच. हल्ली मात्र तिच्यामागून आम्ही त्या बुटक्या दाराचीही गोष्ट सांगतो. मग आमच्या वयाचे जो तो आपापल्या वाड्यातले एखादे नाव आठवू पाहतो. अद्याप कोणाला ते सापडलेले नाही.