चूल, जाते आणि ऋण

मराठी भक्तिपरंपरेच्या उगमाशी एक मोडलेला आणि पुन्हा जोडलेला संसार आहे. आळंदीचे विठ्ठलपंत पत्नी रुक्मिणीबाईंना मागे ठेवून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. पुढे ते विवाहित असल्याचे कळताच गुरूंनी त्यांना गृहस्थाश्रमात परत पाठविले, अशी परंपरागत कथा आहे. परतल्यावर त्यांना निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार अपत्ये झाली. संन्याशाची मुले म्हणून या भावंडांना समाजाने वाळीत टाकले आणि आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, असेही परंपरा सांगते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेचे तत्त्वज्ञान मराठीत आणणारा हा कवी घर सोडून गेलेल्याचा नव्हे, घराकडे परत आलेल्याचा पुत्र होता. त्या परतण्याला तत्कालीन समाजाने पाप ठरविले. त्याच परतण्याच्या फळापुढे पुढील सात शतके नतमस्तक होत आली.

या कथेत एक जुना प्रश्न दडलेला आहे. श्रद्धेचे स्थान कोणते? ज्याला सत्याचा शोध घ्यावयाचा आहे त्याने उंबरठा ओलांडून जावे, की उंबरठ्याच्या आतच ते सापडू शकते?

घराविरुद्धचे आरोप सर्वपरिचित आहेत. घर म्हणजे मोह, घर म्हणजे काळजी; आणि या दोहोंहून कंटाळवाणी अशी पुनरावृत्ती. घासलेली भांडी रात्री पुन्हा खरकटी होतात, झाडलेल्या अंगणात पुन्हा पाने पडतात, शांत झालेली भूक पुन्हा जागी होते. तपस्व्याच्या साधनेला सिद्धी असते, यात्रेकरूच्या वाटेला क्षेत्र असते. गृहकृत्याला मात्र शेवट नाही. जे कधीच पूर्ण होत नाही त्यात परमार्थ कसा असेल, असा संशय विचारी मनाला येणे स्वाभाविक आहे.

या संशयाला धर्मशास्त्राने दिलेले एक उत्तर विस्मयकारक आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने सांगितली आहेत. चूल, दळण्या-वाटण्याचा दगड, केरसुणीसारखी उपकरणे, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच होत. यांनाच ‘पंचसूना’ म्हणतात. भाकरी भाजताना, धान्य कांडताना, केर काढताना आणि पाणी भरताना सूक्ष्म जीवांची हिंसा होते. घर कितीही सात्त्विक असले तरी ते कोणाच्या तरी जिवावर चालते, हा त्यामागील विचार. या दोषाच्या परिहारार्थ पंचमहायज्ञ सांगितले आहेत. अध्ययन-अध्यापन, पितरांचे तर्पण, देवांसाठी होम, भूतमात्रासाठी बली आणि अतिथीचा सत्कार ही पाच कर्मे गृहस्थाने नित्य करावयाची.

आजच्या मनाला त्यातील कर्मकांड दूरचे वाटेल. परंतु त्याच्या तळाशी असलेली नैतिक जाणीव दूरची नाही. आपल्या ताटातील अन्न निरपराध नाही, हे ज्याला कळले त्याच्या पहिल्या घासाची चव बदलते. कृतज्ञता ही सुखवस्तू माणसाने जेवणानंतर व्यक्त करावयाची सुसंस्कृत भावना आहे, असा समज असतो. वस्तुतः तिचा जन्म संकोचातून होतो. आपण घेतो, सतत घेतो, आणि परत देण्याची आपली शक्ती घेण्याच्या मानाने तोकडी आहे, या ओळखीतून ती उगवते.

या ओळखीला भारतीय परंपरेने ‘ऋण’ हा शब्द दिला. ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो, असे तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणात त्यांत मनुष्यांच्या ऋणाची भर पडली. ते आतिथ्याने फेडावयाचे. ‘ऋण’ आणि ‘उपकार’ या दोन शब्दांतील अंतर येथे ध्यानात घ्यावयास हवे. उपकार करणारा तो करीलच असे नाही. म्हणून उपकाराची आठवण करून देता येते, तो बोलून दाखविता येतो. ऋण मात्र जन्माबरोबरच येते. शिवाय पितृऋणाची एक विशेष रीत आहे. ते पितरांना परत करावयाचे नसते. पुढील पिढीला जन्म देऊन, तिला वाढवून ते फिटते. आईने रात्र-रात्र जागून काढलेले आजारपण मूल आईला परत करू शकत नाही. ते कधी तरी आपल्या मुलाच्या उशाशी बसून ते फेडते. कुटुंबातील कृतज्ञता अशी नदीसारखी उताराकडे वाहते. उगमाकडे पाणी परत मागणारा उगम नदीला ठाऊक नाही.

मात्र घराघरांत असे उगम आढळतात. ‘तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या’ हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते आणि हुकमाचे काम करते. मुलाने कोणते शिक्षण घ्यावे, मुलीने कोणाशी विवाह करावा, सुनेने माहेरी किती दिवस राहावे, या प्रश्नांचा निकाल अनेकदा युक्तिवादाने लागत नाही. जुन्या उपकारांचे खाते उघडून लावला जातो. कृतज्ञतेची मागणी झाली की ती कृतज्ञता राहत नाही. ती वसुली होते. आणि ज्या घरात वसुली चालते तेथे आनंद पाहुण्यासारखा येतो, मुक्कामाला राहत नाही.

याहून कठीण प्रश्न पंचसूनांकडे पुन्हा पाहिले असता उभा राहतो. चूल, जाते, केरसुणी, मुसळ आणि घडा ही पाचही साधने कोणाच्या हातांत होती? दोष ज्या कामांतून घडतो असे मानले, ती बहुतांशी स्त्रीने केली. दोषाचे निवारण करणारे यज्ञ गृहस्थाच्या नावाने झाले. त्याच अध्यायात सायंकाळी शिजलेल्या अन्नाचा बली पत्नीने द्यावा असे सांगितले आहे, पण तो मंत्राविना. कृती तिची, वाणी मात्र तिला नाही. शूद्रांना आणि स्त्रियांना उणे लेखणाऱ्या या ग्रंथाचे महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी दहन झाले. ऋणाच्या उदात्त कल्पनेचा आधार घेणाऱ्याने हे दहनही स्मरणात ठेवले पाहिजे. हा प्रश्न केवळ भूतकाळातीलही नाही. भारत सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे होता. घराचा गौरव करताना हा हिशेब टाळणे सोपे असते. पण हिशेब टाळून केलेला गौरव श्रद्धा नव्हे, सोय असते.

घर सदैव पवित्र असते, असेही मानण्याचे कारण नाही. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत जे सांगितले आहे ते वाचताना कोणाचेही मन थरकावे. तुकोबांसारख्या शूद्र मानल्या गेलेल्या संताला गुरू मानल्याबद्दल त्यांच्या ब्राह्मण पतीने त्यांना मारहाण केली. त्या घरातच राहिल्या आणि त्यांनी श्रद्धाही सोडली नाही. पुढे पतीचे मनही पालटले. ही कथा सहनशीलतेचा आदर्श म्हणून सांगण्याची प्रथा आहे. परंतु तिच्यातील खरा अर्थ वेगळा असावा. घराने दिलेली आज्ञा आणि अंतःकरणाने दिलेली साक्ष यांचा विरोध आला, तेव्हा बहिणाबाईंनी साक्ष मोडू दिली नाही. घरातील श्रद्धा म्हणजे घरावरील अंधश्रद्धा नव्हे, हे त्यांच्या अभंगांनी दाखवून दिले.

मंत्र नाकारला गेला तरी वाणी नाहीशी होत नाही. ती दुसरी जागा शोधते. महाराष्ट्रात ती जागा जाते ही होती. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई हिच्या नावावरील अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठल तिच्याबरोबर दळण-कांडण करतो, शेणी वेचतो. या कल्पनेचे कोवळेपण सर्वांना भावते, तिचे धाडस मात्र क्वचित ध्यानात येते. जनाबाई त्या घरात होती, पण त्या कुटुंबातील नव्हती. तिच्यासाठी कोणी पितृऋण फेडणारे नव्हते. तिने देवाकडे कष्टातून सुटका मागितली नाही आणि कष्टांचे गोडवेही गाइले नाहीत. देवाला खुंट्याची दुसरी बाजू धरावयास लावली. पूजेच्या चौरंगावरून देव उठतो आणि जात्यापाशी येऊन बसतो, तेव्हा घराची रचनाच बदलते. जो कामाला हात लावतो तो देव, अशी ही दासीने केलेली ईश्वराची व्याख्या आहे.

तिच्यानंतरच्या अगणित स्त्रियांनी पहाटेच्या अंधारात ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या प्रेरणेने महाराष्ट्राच्या गावोगावी जात्यावरील ओव्यांचे संकलन झाले. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. मुलगा, भाऊ, माहेर, सासुरवास, पंढरीची वाट, सीतेचा वनवास आणि पुढे बाबासाहेबांचे नाव, हे सारे त्या ओव्यांत येते. दळण जड असले की दोघी समोरासमोर बसत; एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने साथ द्यावी. आज घरोघरी पीठ गिरणीतून येते आणि जाते गेल्याचे दुःख कोणी करू नये. ज्यांचे दंड त्या दगडाने भरून येत, त्यांना ते परत नको आहे. राहावयास हवे ते एवढेच की भार समोरासमोर बसून वाटून घ्यावा. आनंद म्हणजे कष्टाचा अभाव, असे मानणाऱ्याला घरात आनंद सापडणार नाही. एकाचे कष्ट दुसऱ्याने पाहिले आणि त्यांना हात लावला, त्या क्षणी तो तेथे असतो.

परंतु कष्ट वाटून घेतल्यानेही जे टळत नाही असे दुःख घरावर येते. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले. ज्याच्या घरात चूल पेटविण्यासाठीच काही उरले नाही, त्याला कृतज्ञतेचा उपदेश करणे क्रूर ठरेल. तुकोबांनी असा उपदेश स्वतःलाही केला नाही. त्यांची वाणी देवाशी भांडते, रडते, त्याला जाब विचारते. पण पाठ फिरवीत नाही. सुखी संसाराच्या मोबदल्यात देवाला दिलेली पावती म्हणजे श्रद्धा असती, तर ती त्या दुष्काळातच संपली असती. श्रद्धा तोंडावर संतापता येईल इतकी जवळीक असते. अशी जवळीक मनुष्य प्रथम घरातच शिकतो.

तिचे रोजचे रूप मात्र अगदी साधे असते. रात्री कोमट दुधाला विरजण लावून गृहिणी भांडे झाकून ठेवते. अंधारात काय घडते ते ती पाहत नाही. वारंवार झाकण काढून पाहिले तर दही बिघडेल, हेही तिला ठाऊक असते. सकाळ होईल, घरातील माणसे जागी होतील, त्यांना भूक लागेल, या तिन्ही गोष्टी ती गृहीत धरते. उद्याची कसलीही हमी नसलेल्या प्राण्याने उद्यासाठी केलेली ही तयारी म्हणजे श्रद्धेचा प्राथमिक पाठ होय. घरकामाची पुनरावृत्ती येथे वेगळ्या प्रकाशात दिसते. जे कधीच पूर्ण होत नाही ते रोज नव्याने आरंभणे म्हणजे निष्फळता, असे वाटले होते. ते जीवनावरील विश्वासाचे रोज केलेले नूतनीकरणही असू शकते. अट एवढीच, की तो विश्वास एकाच व्यक्तीच्या खांद्यावर लादलेला नसावा, आणि ती व्यक्ती कोण हे घराला माहीत असावे.

असे माहीत असणे शब्दांत उमटण्याचे एक उदाहरण सार्वजनिक इतिहासात आहे. रमाबाई आंबेडकर २७ मे १९३५ रोजी निवर्तल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा राजकीय ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला आणि अभावाच्या, एकाकी काळात त्यांनी सोसलेल्या गोष्टींची तेथे नोंद केली. महाडला ज्या पुरुषाच्या नेतृत्वाखाली ग्रंथ जाळला गेला, त्यानेच घरातील ऋण ग्रंथाच्या पहिल्या पानावर मान्य केले. या दोन कृतींत विरोध नाही. लादलेले ऋण नाकारण्याचे बळ ज्याच्यापाशी आहे, त्यालाच खरे ऋण ओळखता येते.

पंचसूना सांगणाऱ्या त्याच जुन्या अध्यायात जेवणाचा क्रमही दिला आहे. नवविवाहिता, कुमारिका, रोगी आणि गर्भवती यांना अतिथींच्याही आधी, विचार न करता वाढावे. मग अतिथींनी आणि घरातील सेवकांनी जेवावे. आणि सर्वांचे झाल्यावर जे उरेल ते दांपत्याने खावे. तेथे शब्द ‘दंपती’ असा आहे: पती आणि पत्नी, दोघेही. कालांतराने घरांनी त्या वचनाचा अर्धाच भाग पाळला. पुरुष पहिल्या पंगतीला बसला आणि उरलेले खाण्याचा धर्म एकट्या पत्नीच्या वाट्याला आला. उरलेला अर्धा भाग पाळण्यास शास्त्राची गरज नाही. रात्री स्वयंपाकघरात दिवा जळत असतो, सर्वांची ताटे उचलली गेलेली असतात आणि एकजण भांड्याच्या तळाची आमटी आपल्या भातावर ओतून घेत असते. त्या वेळी दुसऱ्या कोणी तिच्यासमोर पाट मांडून, आपलेही ताट घेऊन बसावे. घरातील श्रद्धा, कृतज्ञता आणि आनंद यांचे वेगवेगळे शोध घ्यावे लागत नाहीत; ती तिन्ही त्या दुसऱ्या पाटावर एकत्र येऊन बसतात.