मुक्कामापुरतं घर

काशीत नारद घाट आणि पांडे घाट यांच्यामध्ये जो राजा घाट लागतो, तोच आपल्या जुन्या माणसांचा अमृतराव घाट. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तकपुत्र अमृतराव यांनी तो पक्का बांधून काढला आणि तिथे अन्नछत्र घातलं. अमृतराव मूळचे भुसकुट्यांचे. राघोबादादांना मुलगा नव्हता तेव्हा ते पेशव्यांच्या घरात आले. 1775 साली धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला आणि दत्तक मुलगा मागे पडला. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणं जिंकल्यावर अमृतरावांना काही महिने कारभार मिळाला, पण तो टिकला नाही. 1803 मध्ये इंग्रजांशी करार करून, भरघोस नेमणूक घेऊन ते उत्तरेत गेले आणि 1824 मध्ये काशीतच वारले.

पोटचं मूल आलं की आणलेलं लेकरू बाजूला पडतं, हे पेशवाईपुरतं नाही. ‘घरात बाळ येणार आहे, कुत्रं परत घ्या’ हे वाक्य प्राण्यांसाठी काम करणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं. पेशव्याची आणि कुत्र्याची अशी सांगड घालणं जरा आगाऊपणाचं आहे, कबूल. पण या घाटाच्या पायऱ्यांवर बसलं की ती आपोआप सुचते, कारण समोर सगळीकडे प्राणीच असतात. थंडीत बकऱ्यांच्या अंगावर कुणाचे तरी जुने स्वेटर चढवलेले, तर कुठे गोणपाट गुंडाळलेलं. म्हशी पाण्यात. कुत्री पायरी अडवून झोपलेली. आणि वाट अडवून रवंथ करणारा एखादा वळू.

हा वळू पूर्वी धर्मानं सोडलेला असे. मृताच्या नावानं वृषोत्सर्ग करायचा, बैलाला डाग द्यायचा आणि मोकळं करायचं. पुण्य सोडणाऱ्याला, पुढचं सगळं गावाला. आपल्याकडेही देवाला सोडलेला वळू घराघरांतून खात हिंडे. 2008 च्या ‘वळू’ चित्रपटात अशाच एका वळूला पकडायला अख्खं गाव आणि वन अधिकारी कामाला लागतात. एकीकडे अन्नछत्र, दुसरीकडे उत्सर्ग. खाऊ घालणं आणि मोकळं सोडणं, या दोन्ही गोष्टी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या उत्तम जमतात. उद्या या जिवाचं काय, हे दोन्हींत विचारावं लागत नाही.

जखमी किंवा अनाथ प्राणी घरी आणायचा, तो धड होईपर्यंत सांभाळायचा आणि मग योग्य घरी देऊन टाकायचा, ही तिसरी रीत आपल्याकडे अजून नवी आहे. पुण्या-मुंबईत तिला सरळ ‘फॉस्टर करणं’ म्हणतात. माझ्या मते प्राण्यांवरच्या प्रेमाची खरी परीक्षा इथे होते, कारण यात शेवटी प्राणी आपला राहत नाही, आणि तरी त्याचं सगळं आपल्यालाच करावं लागतं.

संस्था असताना घरांची गरज काय, असं विचारलं जातं. उत्तर पिल्लांच्या वयात आहे. शेल्टरमध्ये रोज नवी जनावरं येतात आणि त्यांच्याबरोबर पार्व्हो आणि डिस्टेम्पर हे रोग येतात. पार्व्हो हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला. तो जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही; फरशी पाणी घातलेल्या ब्लीचनं पुसावी लागते. लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते. त्याआधीच्या पिल्लाला गर्दीच्या शेल्टरपेक्षा कुणाच्या तरी बाल्कनीतलं खोकं कितीतरी सुरक्षित. शिवाय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत कुत्रं माणसांना ओळखायला शिकतं. मिक्सरचा आवाज, दारावरची घंटा, झाडू, लहान मुलं हे सगळं त्याच काळात कानांवरून, नाकाखालून गेलं, तर पुढे ते घाबरून चावत नाही. हे शिक्षण पिंजऱ्यात होत नाही.

आता प्रत्यक्ष काम. डोळे न उघडलेलं पिल्लू आलं तर पहिली गोष्ट दूध नव्हे, ऊब. पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे फार गरम झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येतं. गाईच्या दुधानं बहुतेक पिल्लांना जुलाब होतात. पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर आणावी. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. पाजताना बाळासारखं उताणं धरायचं नाही, दूध फुप्फुसात जातं. पोटावर ठेवून मान किंचित वर. पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं खालून हलकं पुसायचं, कारण आई चाटल्याशिवाय त्याला शी-शू होत नाही. आणि रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. आकडा दोन दिवस हलला नाही तर डॉक्टर गाठायचा. रात्री अडीचला डोळे चोळत हे सगळं केल्यावर सकाळी काटा काही ग्रॅम पुढे गेलेला दिसतो, तेव्हा होणारा आनंद घरातल्या कुठल्याच समारंभात मिळत नाही. मोबदला म्हणून मी तरी हाच धरते.

पण पिल्लू उचलण्याआधी थांबावं, हे त्याहून महत्त्वाचं. घाटाच्या कोपऱ्यात चार पिल्लं एकटी कुईकुई करताना दिसली म्हणजे ती अनाथ असतातच असं नाही. आई अन्न शोधायला गेलेली असते. काही तास लांबून पाहावं. पिल्लांचं पोट गोल आणि अंग गरम असेल तर आई येते आहे. तिच्यासारखं दूध आपल्याला कुठल्याही दुकानात मिळणार नाही. पिल्लं पळवण्यापेक्षा तिला पोटभर घालणं आणि पिल्लं सुटी झाली की तिची नसबंदी करून आणणं जास्त उपयोगाचं. पश्चिम बंगालमधल्या भटक्या कुत्र्यांवर संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 364 पिल्लांपैकी फक्त 19 टक्के पिल्लं वयात येईपर्यंत जगली, आणि बऱ्याच मृत्यूंमागे माणसाचा हात होता. काशीत भर पडते ती पुराची. पावसाळ्यात गंगा चढली की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, कुत्री वरच्या गल्ल्यांत सरकतात, आणि गल्ल्यांत आधीच दुसऱ्यांचं राज्य असतं.

जबाबदारीची दुसरी बाजू माणसांची. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसं रेबीजनं मरतात आणि त्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आपल्या देशातली असतात. म्हणून अनोळखी जनावर घरात घेणाऱ्यानं स्वतः आधी लस घेतलेली असावी, आणि चावा किंवा ओरखडा आलाच तर पंधरा मिनिटं साबणानं धुवून थेट दवाखाना गाठावा. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, तेव्हा ती सबब चालणार नाही. घरात आधीचं कुत्रं-मांजर असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी. वेगळी खोली नसेल तर नाही म्हणावं. नाही म्हणता येणं हीसुद्धा या कामातली लायकीच आहे. शेजाऱ्यांशीही बोलावं. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं 2015 मध्येच स्पष्ट केलं आहे. पण हा कागद भांडणात फडकवण्यापेक्षा जिना आपण पुसून घ्यावा. वरच्या मजल्यावरच्या आजींना कुत्र्याची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नसते.

सगळ्यात मोठा गुन्हा मात्र महिना-दोन महिने लाडात वाढवलेलं पिल्लू परत रस्त्यावर सोडण्याचा. पाय मोडलेलं मोठं कुत्रं बरं झालं की त्याला त्याच्याच गल्लीत सोडायचं असतं. तिथे त्याची ओळख, त्याची हद्द असते. घरात वाढलेल्या पिल्लाला ना गाडी कळते ना दुसऱ्या टोळीची हद्द. सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलं, पण रीतसर दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही जनावर टाकून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत काशीत नावेत बसायलाही मिळणार नाही.

रानातल्या जिवांना ही रीत लावू नये. हेमलकसाला डॉ. प्रकाश आमट्यांच्या अंगणात 1970 च्या दशकात शिकारीत आई गमावलेलं माकडाचं पिल्लू आलं. मागून अस्वलं आली, बिबटे आले. विलास मनोहरांच्या ‘नेगल’मुळे त्यातला एक बिबट्या मराठी घराघरांत पोचला. वाचून अनेकांना वाटलं, आपणही आणावं. पण माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या जंगलात परतू शकत नाही. त्याला आयुष्यभर सांभाळावं लागतं आणि त्याला सरकारी मान्यता लागते. घाटावरचं माकडाचं पोर किंवा पोपट सापडला तर वन विभागाला कळवणं, एवढंच आपलं काम.

उरतं शेवटचं काम, आणि तिथेच बहुतेकांचा पाय अडतो: देऊन टाकणं. पिल्लू ठेवून घेतलं की त्याला गमतीनं ‘फॉस्टर फेल’ म्हणतात. एकदा ठीक. पण घर भरलं की पुढच्या पिल्लाला दार बंद होतं. म्हणून जीव लावायचा आणि तरी नव्या माणसाला उलटतपासणी केल्यासारखे प्रश्न विचारायचे: घर भाड्याचं आहे का, मालक राजी आहे का, सुट्टीत कोण पाहील, नसबंदीची तारीख ठरली का, आणि घरात बाळ आलं तर काय? 2023 मध्ये काशीतली जया नावाची रस्त्यावरची कुत्री नेदरलँड्सला गेली, तेव्हा तिच्या पासपोर्टच्या बातम्या झाल्या. भारतातून युरोपात कुत्रं न्यायचं तर चिप, रेबीजची लस, महिन्यानं रक्ताची तपासणी आणि त्यानंतर तीन महिने थांबणं असा क्रम असतो. तिला घेऊन जाणाऱ्या ॲमस्टरडॅमच्या बाईंना त्यासाठी इथला मुक्काम वाढवावा लागला. विमानतळावरच्या फोटोपेक्षा मला ते मधले महिने मोलाचे वाटतात.

दिवाळीत फटाके सुरू होतात. त्या आठवड्यात घाबरून पळालेली आणि हरवलेली कुत्री प्रत्येक शहरात सापडतात आणि संस्थांच्या जागा भरून जातात. तुमच्याकडे बंद होणारी एक बाल्कनी आणि रात्री उठणारं एक माणूस असेल, तर जवळच्या संस्थेला फोन करा. किती दिवसांसाठी, औषधाचा खर्च कुणाचा आणि मुदत संपल्यावर जनावर कुठे जाणार, हे तीन प्रश्न आधी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. ती मिळाली नाहीत तर दुसऱ्या संस्थेला फोन करा.